श्रेयनामावलीतील कोणते काम आपले?

वाचकाचे पत्र: मी बार्शीची असून माझे वय २३ आहे. बी.कॉम. झाले आहे. वडिलांचा मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय असून कामगारांची हजेरी, सामानाची ने-आण आणि हिशेब यांच्या वह्या गेली काही वर्षे मी सांभाळते. कॉलेजात असताना मित्रमैत्रिणींबरोबर दोन लघुपट केले. दिग्दर्शन एकाने केले, कॅमेरा दुसऱ्याने, आणि बाकीचे सगळे मी पाहिले. दुसऱ्या लघुपटात नायिका रडत असताना सगळे तिचा अभिनय पाहण्यात गुंग होते; मला मात्र दिसले की आधीच्या शॉटमध्ये तिचे घड्याळ डाव्या मनगटावर होते आणि आता ते उजव्यावर आहे. मी तसे सांगितल्यावर सगळे माझ्यावरच वैतागले. मला सिनेमात काम करायचे आहे. अभिनय नक्की करायचा नाही, दिग्दर्शन जमेल की नाही ठाऊक नाही. घरचे विचारतात, ‘मग तिथे जाऊन करणार तरी काय?’ पुण्यातील एका खासगी संस्थेने ‘सहा महिन्यांत फिल्ममेकिंग’ या कोर्ससाठी दीड लाख रुपये शुल्क सांगितले आहे. ते भरावे का? – एक वाचक, बार्शी

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचे निवांतपणे वाचता येईल. ते दीड लाख रुपये तूर्त भरू नका. कारणे पुढे येतीलच. त्याआधी तुमच्या घरच्यांच्या प्रश्नाकडे वळू, कारण तो अगदी रास्त आहे. पडद्यावर नट दिसतात, पोस्टरवर दिग्दर्शकाचे नाव असते, आणि श्रेयनामावली सुरू होते तेव्हा प्रेक्षक गाडीच्या किल्ल्या चाचपत उठलेला असतो. या दोघांखेरीज तिथे आणखी कोण आपले पोट भरते, हे बाहेरच्या माणसाला कळावे तरी कसे?

मुळात ही कामे इतकी वेगळी नव्हतीच. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्यात कॅमेरा त्यांनीच शिकवून तयार केलेल्या त्र्यंबक तेलंग यांच्याकडे होता, आणि लेखन, दिग्दर्शन, निर्मिती ही कामे स्वतः दादासाहेबांकडे. घरात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मच्या कडेला छिद्रे पाडत, ती धुण्याच्या कामात हात घालत आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही पाहत. पुढे १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, तेव्हा भागीदारांमध्येच खात्यांची वाटणी झालेली दिसते. व्ही. शांताराम दिग्दर्शनाकडे, धायबर छायाचित्रणाकडे, फत्तेलाल कलाविभागाकडे, बोलपट आल्यावर दामले ध्वनीकडे, आणि सीताराम कुलकर्णी भांडवलाच्या बाजूला. यातील ध्वनी आणि कला सांभाळणाऱ्या दामले-फत्तेलाल या जोडीने १९३६ साली ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. दिग्दर्शनाकडे जाणारी वाट दिग्दर्शनापासूनच सुरू व्हावी लागते असे जे हल्ली नवोदितांना वाटते, त्याला हे उत्तर पुरेसे आहे.

आता आजच्या कामांविषयी. पदांची यादी दिली तर तुम्हाला ती पाठ होईल, कळणार मात्र काही नाही, म्हणून एकच प्रसंग घेऊ. समजा पटकथेत असे लिहिले आहे: साल २००३, वाईजवळच्या एका गावातील घर, सकाळची वेळ. आई ओट्याशी चहा गाळते आहे आणि गाळता गाळता, मागे न वळता, मुलाला सांगते की ओढ्याकडचे शेत विकले. मग ती वळते आणि कप त्याच्यापुढे ठेवते. लेखकाने हे दीड पानात लिहिले आहे. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरील साधारण एक मिनिट असा ढोबळ हिशेब असतो.

हे दीड पान चित्रीकरणाच्या कितीतरी आधी पहिल्या सहायक दिग्दर्शकाच्या, म्हणजे सेटवरच्या भाषेत ‘फर्स्ट एडी’च्या, हाती पडते. तो त्याचा ब्रेकडाउन करतो: घराच्या आतला प्रसंग, दिवसाचा, दोन पात्रे, गॅसची शेगडी, पातेले, गाळणी, दोन कप, मागे खिडकी. लाइन प्रोड्युसर आणि प्रॉडक्शन मॅनेजर घर शोधतात, मालकाशी भाडे ठरवतात, ग्रामपंचायतीशी बोलतात, जनरेटर कुठे उभा राहील, चाळीस-पन्नास माणसे कुठे जेवतील आणि बायकांना स्वच्छतागृह कुठे मिळेल याचा बंदोबस्त करतात. रेकीला, म्हणजे जागेच्या आगाऊ पाहणीला, सगळ्या विभागांचे प्रमुख येतात आणि एकाच स्वयंपाकघराकडे प्रत्येक जण निराळ्या कारणाने चिंतातुर होऊन पाहतो. कलादिग्दर्शकाला भिंतीवरच्या नव्या टाइल्स खटकतात, छायाचित्रकाराला खिडकीची दिशा, आणि ध्वनिमुद्रकाला शेजारची पिठाची गिरणी.

कलाविभाग मग ते घर २००३ सालात नेतो. दिनदर्शिका त्या सालची, स्विचबोर्ड त्या काळचे, मोबाइलचा चार्जर कुठेही दिसता कामा नये. वेशभूषाकार आईची साडी नवीच आणतो, पण ती वारंवार धुऊन, कधी चहाच्या पाण्यात बुडवून वापरातली करतो, आणि चहा सांडलाच तर म्हणून अगदी तशीच दुसरी तयार ठेवतो. रंगभूषाकाराला इथे चेहऱ्यापेक्षा हातांची काळजी असते, कारण शेतात राबणाऱ्या बाईची बोटे जवळून दिसणार आहेत. या खात्यांची कामगिरी कॅमेरा सुरू होण्याआधीच बरीचशी पार पडलेली असते, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येईल.

प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या दिवशी दीड मिनिटाच्या या प्रसंगाला सहज पाच-सहा तास जातात. सूर्य तोवर खिडकीवरून निघून गेलेला असतो, म्हणून छायाचित्रकार मुळात त्याच्यावर विसंबतच नाही. खिडकीबाहेर मोठा दिवा लावून, त्याच्यापुढे पांढरे कापड ताणून, तो पाच तास टिकणारी सकाळ तयार करतो. त्याचा आराखडा प्रत्यक्षात उतरवणारा प्रमुख म्हणजे गॅफर, आणि त्याच्या हाताखाली लाइटमन. आई वळून दोन पावले मुलाकडे येते तेव्हा तिचा चेहरा धूसर होऊ नये, ही जबाबदारी फोकस पुलरची. लांब पल्ल्याची लेन्स आणि पूर्ण उघडलेले छिद्र असेल, तर स्पष्ट दिसणारा पट्टा अवघ्या काही सेंटिमीटरचा उरतो. म्हणून तो आधी टेपने अंतर मोजतो, जमिनीवर खुणा करतो, आणि शॉट चालू असताना नटीच्या खांद्याच्या हालचालीवरून ती आता वळणार हे ओळखून चक्र फिरवतो. तो बरोबर असला तर त्याचे कौतुक कोणी करत नाही. चुकला तर अख्खे युनिट त्याच्याकडे पाहते.

ध्वनिमुद्रकाने तोवर पंखा बंद करवलेला असतो आणि घरमालकाचा फ्रिजही. कित्येक ध्वनिमुद्रक स्वतःच्या गाडीची किल्ली त्या फ्रिजमध्ये ठेवतात, म्हणजे पॅकअपनंतर, दिवसाचे चित्रीकरण आटोपल्यावर, तो पुन्हा सुरू करायला विसरले तरी गाडीपाशी गेल्यावर आठवण होते. बूम ऑपरेटर लांब दांडीवरचा माइक चौकटीच्या अगदी कडेबाहेर धरून उभा असतो. प्रॉडक्शनचा एक मुलगा शेजारी जाऊन कुकरची शिट्टी थोडा वेळ होऊ देऊ नका अशी विनवणी करून आलेला असतो. क्लॅप देणारा सहायक प्रसंग, शॉट आणि टेकचा, म्हणजे त्या शॉटच्या खेपेचा, क्रमांक पुकारून पाटी आपटतो. पुढे चित्र आणि आवाज स्वतंत्रपणे संकलकाकडे जातात आणि त्या एका टाळीवरून त्यांचा मेळ घातला जातो. प्रसंग संपल्यावर ध्वनिमुद्रक सगळ्यांना अर्धा मिनिट स्तब्ध उभे करून नुसत्या खोलीचा आवाज टिपतो, कारण दोन संवादांमधली फट कोऱ्या शांततेने बुजवली तर ती कानाला लगेच टोचते.

आणि या सगळ्यांत मॉनिटरजवळ, मांडीवर पटकथा घेऊन, जो माणूस बसलेला असतो त्याच्याकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे. हा कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटपासून दुसऱ्या शॉटपर्यंतचे सातत्य, पाहणारा स्क्रिप्ट सुपरवायझर; आपल्याकडे बहुतेक वेळा हे काम सहायक दिग्दर्शकांपैकीच एकाकडे असते. आईने ‘शेत’ म्हणताना गाळणी उचलली की ‘विकले’ म्हणताना, कप कोणत्या हातात होता, चहा कपाच्या कितव्या बोटापर्यंत होता, पदर खोचलेला होता की सुटलेला, कोणत्या टेकमध्ये संवाद बदलला आणि दिग्दर्शकाला कोणता टेक आवडला, हे सारे तो लिहून ठेवतो. आधी दूरचा शॉट घेतला जातो आणि तास-दोन तासांनी, प्रकाशयोजना बदलल्यावर, जवळचा. त्या दोहोंत गाळणी वेगवेगळ्या शब्दावर उचलली गेली तर संकलकाला ते जोडताच येत नाहीत, मग नटीने कितीही उत्तम काम केलेले असो. तुमच्या मित्रमंडळींना जो खोडा वाटला, त्याच गोष्टीसाठी व्यावसायिक युनिट एका माणसाला दिवसाचे पैसे देते. तुम्ही घड्याळ पाहिलेत हे उत्तम केलेत. फक्त ते सांगायची वेळ नटीला रडवायच्या आधीची. टेक सुरू होण्यापूर्वी मनगटे, केस आणि कप यांवरून नजर फिरवणे ही या कामाची पहिली सवय आहे, आणि ती लागते.

संध्याकाळी कॅमेऱ्यातील कार्डांवरचे चित्रण किमान दोन, शक्यतो तीन वेगवेगळ्या ड्राइव्हवर उतरवून, तपासून, मगच कार्ड कोरे करायचे, हे काम डीआयटी, म्हणजे डिजिटल इमेजिंग टेक्निशियन, करतो. ते कंटाळवाणे आहे आणि त्यात एकदाही चुकण्याची मुभा नाही. दिवसभर पाणी, चहा आणि खुर्च्या पुरवणारे स्पॉटदादा या वेळी सामान आवरत असतात. त्यांना नावाने ओळखायला पहिल्याच दिवशी शिका; सेटवर कोणाचे काय चालले आहे याची खरी खबर त्यांच्याकडे असते.

पुढचे थोडक्यात सांगते, कारण तुमचा कल तिकडे दिसत नाही. सहायक संकलक चित्र-आवाज जुळवून, नावे देऊन सर्व साहित्य मांडून ठेवतो. संकलक त्यातून प्रसंग बांधतो, आणि कदाचित ठरवतो की ‘शेत विकले’ हे वाक्य ऐकू येताना आई दिसूच नये, मुलगा दिसावा. फोली कलाकार चहा ओतल्याचा आवाज स्टुडिओत नव्याने निर्माण करतो, व्हीएफएक्सवाले खिडकीतून दिसणारा आजचा मोबाइल टॉवर पुसून टाकतात, डीआयमध्ये, म्हणजे संगणकावरच्या रंगसंस्करणात, रंगांचा मेळ बसतो, पार्श्वसंगीत येते, आणि अखेरच्या मिक्समध्ये संवाद, संगीत आणि चहाचा आवाज यांत कोण कोणाला जागा देईल हे ठरते. नृत्यदिग्दर्शन, साहसदृश्ये, कास्टिंग, प्रसिद्धी ही खाती आपल्या प्रसंगात नाहीत म्हणून सोडून देते.

आता निवडीविषयी. माझे मत असे की पदाचे नाव पाहून काम निवडू नये. ‘ॲक्शन’ म्हटल्याक्षणी आपले लक्ष आपोआप कुठे जाते ते पाहावे. त्या क्षणी छायाचित्रकार चौकटीच्या कडा पाहत असतो, ध्वनिमुद्रक बहुधा कोणाकडेच पाहत नाही, फर्स्ट एडीचे अर्धे चित्त घड्याळात असते, प्रॉडक्शन मॅनेजर दाराबाहेर फोनवर उद्याच्या गाड्यांविषयी बोलत असतो, कलादिग्दर्शकाचे मन पुढच्या लोकेशनवर पोचलेले असते, आणि संकलक तर तिथे नसतोच. तुमच्या पत्रातच तुमचे उत्तर आहे. सगळे अश्रू पाहत असताना तुम्ही मनगट पाहिलेत. शिवाय कोणते सामान गेले, कोणते आले, कोण हजर, कोण गैरहजर, याची वही तुम्ही ठेवता, आणि तुमच्याहून वयाने मोठ्या कामगारांकडून काम करून घेण्याचा सराव तुम्हाला घरातूनच मिळाला आहे. म्हणून सुरुवात दिग्दर्शन विभागात, कंटिन्युइटी सांभाळणारी सहायक म्हणून करावी, असे मी सुचवते.

तिथून पुढे दोन वाटा फुटतात आणि त्यांतला फरक आधीच समजून घ्या, कारण बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. एक वाट सहायक दिग्दर्शकांच्या उतरंडीने फर्स्ट एडीपर्यंत जाते. फर्स्ट एडीच्या हाती वेळ असतो. कोणता प्रसंग कधी, कोणत्या क्रमाने, आणि सेटवर आता कोणी काय करायचे, हे तो सांगतो. दुसरी वाट प्रॉडक्शनची, म्हणजे व्यवस्थापक, लाइन प्रोड्युसर, कार्यकारी निर्माता अशी, आणि त्यांच्या हाती पैसा असतो. एकाच दिवशी फर्स्ट एडी आणखी दोन तास मागतो आणि लाइन प्रोड्युसर ते नाकारतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. वर्ष-दोन वर्षे काम केल्यावर त्या भांडणात आपण मनातल्या मनात कोणाची बाजू घेतो ते पाहा. दिग्दर्शनाची इच्छा पुढे जागी झाली तर पहिली वाट तिच्या जवळची आहे, पण ती आपोआप तिथे पोचवत नाही: उत्तम फर्स्ट एडी अनेकदा आयुष्यभर फर्स्ट एडीच राहतात, आणि त्यात काही कमीपणा नाही.

तिसरी वाट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. बांबू, प्लायवूड, कापड, सुतार, रंगारी, एका रात्रीत उभे करून दुसऱ्या रात्री उतरवायचे काम, आणि त्याचे आधी द्यायचे अंदाजपत्रक, हे सगळे कलाविभागाचे रोजचे विषय आहेत, आणि तुम्ही ते लहानपणापासून पाहिलेले आहे. चित्र काढता येत नसेल तर कलादिग्दर्शक होणे अवघड. पण कलाविभागात खर्च आणि वेळ यांचा ताळमेळ ठेवणाऱ्या माणसाची फार गरज असते. बायकांना तिथे किंवा वेशभूषेत स्थान नाही असे कोणी म्हणाले तर ऐकून घेऊ नका. कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथय्या यांनी ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह १९८३ साली ऑस्कर मिळवले, आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. मात्र सगळी दारे आपसूक उघडलेली नाहीत, हेही खरे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत कामगार संघटनेच्या नियमामुळे बायकांना केशभूषेचे काम करता येई, रंगभूषाकार म्हणून संघटनेच्या सभासदत्वाचे कार्ड मात्र मिळत नसे. रंगभूषाकार चारू खुराना यांच्या याचिकेवर नोव्हेंबर २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा कुठे ती अडवणूक बेकायदा ठरली.

कोर्सविषयी आता कारणे देते. कॅमेरा, ध्वनी, संकलन ही कामे अशी आहेत की त्यांचा पाया शिस्तीत शिकून घेतला तर आयुष्यभर उपयोग होतो. त्यासाठी पुण्यातच, प्रभातच्या जुन्या जागेत १९६० साली सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट आहे, जिथे दिग्दर्शन-पटकथा, छायाचित्रण, संकलन, ध्वनी आणि कलादिग्दर्शन यांचे प्रवेशपरीक्षेतून निवड होणारे तीन वर्षांचे अभ्यासक्रम चालतात. ऑस्कर मिळवणारे ध्वनिसंयोजक रेसुल पूकुट्टी तिथलेच. सहा महिन्यांत ‘फिल्ममेकिंग’ म्हणजे या पाचही विषयांची तोंडओळख, आणि तुम्ही ज्या कामासाठी योग्य दिसता ते काम वर्गात शिकवून येत नाही. तरीही त्या संस्थेकडे मन ओढ घेतच असेल, तर शुल्क भरण्यापूर्वी शिकवणाऱ्यांची नावे मागून घ्या आणि गेल्या काही वर्षांतील कोणत्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ती आहेत ते स्वतः तपासा; प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती उपकरणे किती दिवस येतात ते विचारा; आणि मागच्या तुकडीतील दोन विद्यार्थ्यांशी, संस्थेच्या माणसांच्या अनुपस्थितीत, बोला. या तीन गोष्टींना टाळाटाळ झाली तर समजून जा.

त्याऐवजी घरी बसून एक काम करा, त्याला पैसे लागत नाहीत. दहा-बारा पानांची एखादी पटकथा घ्या, तुमच्या मित्राची असली तरी चालेल, आणि एक्सेलमध्ये तिचा ब्रेकडाउन करा. प्रत्येक प्रसंगाला एक ओळ; पुढे स्तंभ: आत की बाहेर, दिवस की रात्र, ठिकाण, पात्रे, वस्तू, कपडे, वाहने, गर्दी. मग कथेचा क्रम विसरून जा आणि ठिकाणांनुसार प्रसंग एकत्र करा. त्या घरातले सारे प्रसंग सलग आले पाहिजेत, मग त्यांतला एक पहिल्या पानावर असो की शेवटच्या. रात्रीचे प्रसंग एकगठ्ठा ठेवा, कारण पहाटे पॅकअप झालेल्या युनिटला सकाळी सातला पुन्हा बोलावता येत नाही. एखाद्या प्रसंगात मूल असेल तर तिथे खूण करा: नियमानुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम करवता येत नाही, आणि त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. अंगणात बैल बांधलेला असेल तर तो निर्मात्याच्या दृष्टीने नुसता बैल नसतो; चित्रपटात प्राणी वापरायचा असल्यास भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. असा तक्ता एकदा पूर्ण केलात की तुम्हाला एडीचे काम आवडते की नुसते त्याचे नाव आवडते, हे कोणालाही न विचारता कळेल. आणि नोकरी मागायला जाताना दाखवायला हातात काहीतरी असेल.

सिनेमाबद्दलची जाण वाढवायची असेल तर फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांच्यातर्फे पुण्यात उन्हाळ्यात चालणारा रसास्वादाचा अभ्यासक्रम जरूर करा. तो नोकरी देणार नाही, तशी बतावणीही तो करत नाही.

पहिले काम मालिकेत मिळाले तर नाक मुरडू नका. सातारा-वाई, कोल्हापूर या भागांत मराठी मालिकांची चित्रीकरणे होत असतात, तिथे काम सलग मिळते, आणि सिनेमात दिवसाला जिथे दोन-तीन मिनिटांचा ऐवज हाती लागतो तिथे मालिकेला जवळजवळ भागाएवढे उरकायचे असते. कंटिन्युइटीचा हात बसायला यापेक्षा कठोर शाळा नाही. मात्र तिथे फार काळ रमू नका. वेगाची सवय लागते तशी ‘चालतंय’ म्हणण्याचीही लागते. काम मागताना, गेल्या एक-दोन वर्षांतील मराठी चित्रपटांच्या श्रेयनामावलीतून फर्स्ट एडी आणि लाइन प्रोड्युसर यांची नावे उतरवून घ्या आणि त्यांना चार ओळींचा संदेश पाठवा: मी कोण, दोन लघुपटांत कोणते काम केले, कंटिन्युइटीसाठी येऊ इच्छिते, तक्ता सोबत जोडला आहे. ‘कोणतेही काम चालेल’ असे लिहू नका. असे लिहिणारे रोज शंभर असतात आणि त्यांना काय द्यावे हे कोणालाच सुचत नाही. काम मिळवून देण्यासाठी, ओळखीसाठी किंवा ‘कार्ड काढून देतो’ म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथून निघा. संघटनेचे सभासदत्व घ्यायची वेळ येईल तेव्हा ते संघटनेच्या कार्यालयात जाऊन, पावती घेऊनच घ्यायचे असते.

वडिलांना या क्षेत्राची गैरसोयीची बाजूही सांगा, तुम्ही लपवली असे नंतर त्यांना वाटू नये. शिफ्ट बारा तासांची धरली जाते आणि ती पुष्कळदा लांबते. एक चित्रपट संपला की दुसरा सुरू होईपर्यंत दोन-तीन महिने रिकामे जाऊ शकतात. नवख्या सहायकाला मिळणारी रक्कम पुण्या-मुंबईतील भाडे आणि खानावळ यांना पुरेलच असे नाही. म्हणून त्या दीड लाखांपैकी निम्मे जरी वडील देऊ शकत असतील, तर ते सहा-आठ महिन्यांच्या राहण्या-खाण्यासाठी बाजूला ठेवा, आणि या मुदतीनंतर सगळ्यांनी मिळून पुन्हा विचार करायचा असे आताच ठरवा. रात्रीच्या पॅकअपनंतर घरी सोडण्याची व्यवस्था आणि बाहेरगावी बायकांसाठी स्वतंत्र खोली, या गोष्टी मागताना संकोच करू नका. चांगले प्रॉडक्शन त्या न मागता देते. दहा किंवा त्याहून अधिक माणसे काम करतात तिथे २०१३च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि चित्रपटाचे युनिट त्याला अपवाद नाही. समितीवर कोण आहे हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

शेवटी व्यवहाराचे. पहिले काम ठरेल तेव्हा कामाचे दिवस, रोजचा किंवा एकूण मोबदला, तो कोणत्या टप्प्यांत आणि कधी मिळणार, शिफ्टच्या वर काम झाल्यास काय, प्रवास आणि राहणे कोणाकडे, आणि श्रेयनामावलीत तुमचे पद व नाव काय असेल, हे सगळे लेखी घ्या. करारपत्र देत नसतील तर निदान ईमेलवर तुम्ही स्वतः हे मुद्दे लिहून पाठवा आणि ‘ठीक आहे’ असे उत्तर मागून घ्या. वडिलांच्या व्यवसायात आगाऊ रक्कम हाती आल्याशिवाय तुम्ही मंडपाचा पहिला खांब रोवत नसाल. इथेही किमान पहिला हप्ता चित्रीकरण सुरू होण्याआधी घ्या, कारण चित्रपट पूर्ण झाल्यावर राहिलेली रक्कम वसूल करणे हे या क्षेत्रातील असे एक काम आहे की ज्यासाठी श्रेयनामावलीत कोणतेच पद नाही आणि जे प्रत्येकाला स्वतःच करावे लागते.